दहावीच्या मुलांना संभाव्यता 'येते' म्हणजे नक्की काय येतं?

पाटीपेन्सिल | ६ डिसेंबर, रात्री १०:१२

मी नागपुरात मराठी माध्यमाच्या शाळेत नववी-दहावीला गणित शिकवते. बीजगणिताचे शेवटचे दोन धडे, संभाव्यता आणि सांख्यिकी, नुकतेच संपले. परवा दोन्हींवर मिळून वीस गुणांची चाचणी घेतली. गुण छान पडले. तरी दोन दिवस मनाला चैन नाही, म्हणून इथे लिहिते आहे.

झालं असं. पेपर वाटून झाले तरी तास संपायला दहा मिनिटं होती. पहिल्या बाकावरच्या मुलीला वीसपैकी वीस. गृहीतमध्य पद्धतीचं उदाहरण तिने इतकं नेटकं सोडवलं होतं की वर्गाला दाखवायला म्हणून मी तिचा पेपर हातात घेतला. वर्गांतर, वर्गमध्य, विचलन, वारंवारता, गुणाकार, सगळे रकाने पट्टीने आखलेले. एका वस्तीतल्या घरांत रोज लागणाऱ्या दुधाचा मध्य, म्हणजे सरासरी, काढायचा होता. मी सहज विचारलं, "मग ह्यातल्या किती घरांत बरोबर एवढंच दूध लागतं?"

ती म्हणाली, "सगळ्यांत, मॅडम. मध्य आला ना."

वर्गात कोणी हसलं नाही. म्हणजे बाकीच्यांनाही त्यात काही वावगं वाटलं नाही.

मग मी फळ्याकडे पाठ करून विचारलं, नाणं पाच वेळा फेकलं, पाचही वेळा छापा आला, सहाव्यांदा काय येईल? बहुतेक हात 'काटा'ला वर गेले. एक जण म्हणाला, "आता काट्याचा नंबर." ह्याच मुलांनी पेपरात छापा येण्याची संभाव्यता १/२ लिहून पूर्ण गुण घेतले होते.

बोर्डाचा पेपर माझ्या हातात नाही. चाळीस गुण, दोन तास, ठरलेला साचा. पण घटक चाचणी माझ्या हातात आहे, आणि अंतर्गत मूल्यमापनाच्या वीस गुणांतही थोडी मोकळीक आहे. मला असे प्रश्न हवे आहेत की ज्यांत मुलाला समजलं आहे की नुसतं पाठ आहे ते उघडं पडेल. तुम्ही कोणी असे प्रश्न विचारले आहेत का? किंवा कोणी तुम्हाला विचारले होते का?

---

महालवासी | ६ डिसेंबर, रात्री १०:५०

मॅडम, तुमची तळमळ पोचली. पण पालक म्हणून सांगतो, माझा मुलगा यंदा दहावीलाच आहे. पोट्टे आधीच शाळा, क्लास, सराव पेपर ह्यात पिसून राहिले. सकाळी साडेसहाला घरून निघतो, रात्री नऊला परत येतो. हे दोन धडे म्हणजे त्याच्यासाठी हक्काचे गुण आहेत. भूमितीत जे जातात ते इथे भरून निघतात. त्यातही तुम्ही कोडी घातली तर ज्याला बेताचं येते तो पोरगा कुठे जाईल? आधी बोर्ड होऊ द्या, समज पुढे येईलच, असं मला मनापासून वाटते.

---

लालपेन | ७ डिसेंबर, सकाळी ७:२०

मी निवृत्त शिक्षक आहे. उत्तरपत्रिका तपासण्याचं काम पुष्कळ वर्षं केलं, त्यामुळे दुसरी बाजू मांडतो.

राज्यात दहावीला लाखो मुलं बसतात. गडचिरोलीतला पेपर तपासणारा आणि नागपुरातला तपासणारा ह्यांनी एकाच उत्तराला एकच गुण द्यायला हवेत. म्हणून पायऱ्या ठरवलेल्या असतात: नमुना अवकाश (सगळ्या शक्य निष्पत्ती) लिहिला, घटना लिहिली, दोन्हींतल्या घटकांची संख्या लिहिली, भागिले केलं. पायरी दिसली की गुण. 'चौकट पूर्ण करा' अशी कृती येते तीही ह्याचसाठी. ही पद्धत आळसातून आलेली नाही, मुलावर अन्याय होऊ नये ह्या काळजीतून आलेली आहे. हे आधी मान्य करा.

आता मॅडमच्या प्रश्नाकडे. समज तपासायची तर लांबलचक प्रश्नच लागतो असं नाही. बहुपर्यायी एका गुणाचा प्रश्नही ते काम करतो, पण त्यातला प्रत्येक चुकीचा पर्याय कुठल्या तरी खऱ्या चुकीतून यायला हवा. आपण काय करतो, बरोबर उत्तर लिहितो आणि बाकीचे तीन आकडे मनाला येतील ते भरतो. मुलगा चुकला तरी का चुकला ते कळत नाही.

उदाहरण घ्या. दोन नाणी फेकली, नेमका एकच छापा येण्याची संभाव्यता किती? पर्याय १/४, १/३, १/२, ३/४. जो १/३ निवडतो त्याच्या डोक्यात तीनच निष्पत्ती आहेत: दोन छापे, दोन काटे, एकेक. छापा-काटा आणि काटा-छापा त्याला एकच वाटतात. जो ३/४ निवडतो त्याने 'नेमका एक' हे 'निदान एक' असं वाचलं. १/४वाला चार निष्पत्ती जाणतो, पण त्यातली एकच मोजतो. तीन चुका, तीन वेगळे उपाय. पेपर तपासताना नुसती बेरीज न करता कोणता पर्याय किती जणांनी घेतला ते मांडून बघा. दुसऱ्या दिवशी वर्गात काय शिकवायचं ते त्या मांडणीतच सापडेल.

आणि त्या १/३वाल्या मुलाला मठ्ठ म्हणू नका. फ्रान्सचा दालांबेर हा मोठा गणिती. त्याने १७५४ साली विश्वकोशात लिहिलं की दोन फेकींत निदान एकदा छापा येण्याची संभाव्यता २/३ आहे. खरी ३/४. पहिल्याच फेकीत छापा आला की दुसरी फेक कशाला मोजायची, असा त्याचा विचार होता, म्हणून त्याने तीन शक्यता धरल्या आणि तिन्ही सारख्या वजनाच्या मानल्या. आपलं पोरगंही असाच घोळ करतं.

---

बारावीनंतर | ७ डिसेंबर, दुपारी १:०५

लालपेन सर, दालांबेरचं मला माहीत नव्हतं, लिहून ठेवलं.

मी सध्या बी.एस्सी.ला सांख्यिकी घेऊन शिकते. दहावीत मला ह्या दोन धड्यांत एकही गुण गेला नाही, आणि कॉलेजच्या पहिल्या महिन्यात कळलं की मला 'मध्यक' म्हणजे मधला एवढंही धड माहीत नव्हतं. माझ्यासाठी मध्यक म्हणजे एक सूत्र होतं ज्यात संचित वारंवारता टाकायची असते.

मॅडम, एक प्रश्न सुचवते, आमच्या सरांनी पहिल्याच तासाला दिला होता. पाच वेगवेगळ्या संख्या लिहा, त्यांचा मध्य १० हवा आणि मध्यक ४. बस एवढंच. सूत्र आठवून काही होत नाही. तिसरी संख्या ४ ठेवावी लागते, डावीकडे दोन लहान, उजवीकडे दोन अशा मोठ्या की एकूण बेरीज ५० होईल. १, २, ४, १३, ३०. प्रत्येक मुलाचं उत्तर वेगळं येईल, नक्कल होणार नाही, आणि तपासायला दहा सेकंद. महालवासी काका, हे कोडं नाही. ज्याला बेताचं येतं तोही चाचपडत करू शकतो, आणि एकदा केलं की मध्य कसा ओढला जातो आणि मध्यक कसा जागचा हलत नाही हे आयुष्यभर लक्षात राहतं.

दुसरं, नाण्याचं. अर्ध्या वर्गाला खरंच नाणं ५० वेळा फेकून छ-का लिहायला सांगा, उरलेल्यांना नाणं न फेकता मनाने ५० लिहायला सांगा. कोणी काय केलं ते तुम्हाला सांगायचं नाही. कागद गोळा करा आणि ज्याच्यात कुठेही सलग पाच सारखे नाहीत ते बाजूला काढा. खऱ्या ५० फेकींत कुठे ना कुठे सलग पाच किंवा जास्त सारखे येण्याची संभाव्यता साधारण ८२ टक्के असते. मनाने लिहिणारी मुलं सहसा सलग पाच लिहायला धजत नाहीत, तीन झाले की बदलतात. त्यामुळे बहुतेक कागद तुम्ही बरोबर ओळखाल आणि मुलं चकित होतील. 'आता काट्याचा नंबर' म्हणणाऱ्याला ह्याच्याइतकं चांगलं उत्तर नाही.

२९ जून हा संख्याशास्त्रज्ञ महालनोबिस ह्यांचा जन्मदिवस, २००७ पासून देशभर सांख्यिकी दिन असतो. विदर्भातल्या शाळा साधारण त्याच सुमारास उघडतात. दहावीचा पहिला तास ह्या खेळाने सुरू करता येईल.

---

नवतपा | ७ डिसेंबर, रात्री ११:३०

आत्ता कामावरून आलो. अधिवेशनाचा बंदोबस्त, सीताबर्डीतून निघायलाच अर्धा तास.

मध्यक जागचा हलत नाही हे खरं, पण त्याच्यावरही डोळे मिटून भरवसा ठेवायला शिकवू नका. आपल्याच शहराचं उदाहरण देतो. ३० मे २०२४. नागपुरातल्या चार स्वयंचलित हवामान केंद्रांपैकी दोनांनी ५६ आणि ५४ अंश दाखवले, उरलेल्या दोनांनी ४४. देशभर बातमी गेली. नंतर हवामान खात्याने सांगितलं की तो ५६चा आकडा सेन्सर बिघडल्यामुळे आलेला होता. मी तेव्हा एका वर्तमानपत्रात बातम्यांच्या डेस्कवर होतो. घरून फोन, मित्रांचे फोन, सगळ्यांचा एकच प्रश्न, खरंच छप्पन का?

आता हे चार आकडे मुलांना द्या. ५६, ५४, ४४, ४४. मध्य येतो ४९.५. मध्यक येतो ४९. वर्गात आपण शिकवलेलं असतं की एखादा आकडा वेडावाकडा असेल तर मध्यक घ्या. पण इथे चारातले दोन बिघडले की मध्यकही बिघडला. ४९ अंश तर शहरात कोणत्याच केंद्रावर नव्हते! बहुलक, म्हणजे सर्वांत जास्त वेळा आलेला आकडा, ४४ येतो, तो बरोबर ठरतो, पण तोही नशिबाने.

म्हणून मी असा प्रश्न टाकेन: मध्य काढा, मध्यक काढा, आणि उद्याच्या पेपरात तुम्ही कोणता आकडा छापाल, का, ते दोन ओळींत लिहा. ज्या मुलाने लिहिलं की आधी यंत्र तपासा, किंवा एकाच शहरात दहा-बारा अंशांचा फरक पडतो कसा, त्याला सांख्यिकी कळली.

---

मृगबहार | ८ डिसेंबर, सकाळी ६:१५

काटोलकडे आमची संत्र्याची बाग आहे. हा धागा मुलीने दाखवला. गणितातलं मला फारसं कळत नाही, पण नमुना ह्या शब्दावर बोलू शकतो.

कळमन्याच्या बाजारात माल नेला की घेणारा वरवर दोन-चार फळं उचलतो, दाबतो, एखादं सोलतो आणि भाव बोलतो. नवा माणूस ढीग समोरून बघतो. मुरलेला माणूस बाजूने हात घालून मधलं आणि खालचं फळ काढतो. कारण ढिगाच्या वर कोणतं फळ ठेवायचं ते भरणाऱ्याच्या हातात असते. मोठं, पिवळं, देखणं वर जाते. कोणी लबाडीने करते, कोणी सवयीने.

मुलीच्या पुस्तकात मी पाहिलं, प्रत्येक उदाहरणात आकडे आयतेच दिलेले. शंभर फळांचं वजन असं असं आहे, मध्य काढा. ती शंभर कुठून उचलली ते कोणी विचारत नाही. आमच्याकडे तर पहिला प्रश्न तोच असतो. आंबिया आणि मृग हे संत्र्याचे दोन बहार, आंबियाचं फळ वेगळं, मृगाचं वेगळं. दोन्ही मिसळून सरासरी वजन काढलं तर ते कोणत्याच बागेचं नसते.

मॅडम, एक प्रश्न ह्याच्यावर काढा. मुलांनी बाजार पाहिलेला असतो.

---

लॅबवाली | ८ डिसेंबर, दुपारी ४:४०

मी सिकलसेल ह्या रक्ताच्या आनुवंशिक आजाराच्या तपासणीचं काम करते. गावांत जाऊन, शाळांत, आश्रमशाळांत. रक्ताचा थेंब घ्यायचा, सोल्युबिलिटी टेस्ट, पॉझिटिव्ह आली की पुढची, खात्री करणारी इलेक्ट्रोफोरेसिस. आणि मग समजावून सांगायचं. तपासणीपेक्षा समजावणं अवघड आहे, आणि ते अवघड का जातं ते ह्या धाग्यात सगळं लिहिलेलं आहे.

आईवडील दोघंही वाहक, म्हणजे एएस (एक चांगला ए जनुक, एक सदोष एस), असतील तर प्रत्येक गरोदरपणात मूल पीडित, म्हणजे एसएस, होण्याची संभाव्यता १/४, वाहक होण्याची १/२, पूर्ण निरोगी १/४. आम्ही हे चार बाहुल्यांचं चित्र दाखवून सांगतो. आणि घरातली शहाणी माणसं त्या चित्राचा अर्थ काय घेतात? चारात एक. पहिलं एसएस झालं, म्हणजे आमचा वाटा संपला, पुढची तीन चांगली निघणार.

एका घरी दुसरं मूलही एसएस निघालं तेव्हा त्या बाईच्या सासऱ्यांनी मला विचारलं, "ताई, तुम्हीच तर म्हणाल्या होत्या चारात एक." आवाजात राग नव्हता. मी फसवलं असं त्यांना वाटत होतं. त्यांचा मुलगा दहावी पास होता. त्याने कधी तरी पेपरात फासा टाकून १/६ लिहिलं असेल, नाणं फेकून १/२ लिहिलं असेल.

'आता काट्याचा नंबर' हा प्रश्न आमच्या भागात नाण्यापुरता नाही. नववीच्या विज्ञानात हा आजार दात्रपेशी पांडुरोग म्हणून आहे. दहावीच्या गणितात संभाव्यता आहे. दोन्ही पुस्तकं एकाच दप्तरात. मधला पूल कोणी बांधत नाही. मोफत तपासणी होते, २०२३च्या जुलैपासून देशपातळीवर सिकलसेल निर्मूलनाची मोहीम सुरू आहे, २०४७चं उद्दिष्ट आहे, पण '१/४ म्हणजे दर वेळी १/४' हे वाक्य समजलं नाही तर तपासणीचं कार्ड कपाटात राहतं.

---

पाटीपेन्सिल | ८ डिसेंबर, रात्री ९:२५

लॅबवाली ताई, तुमचा प्रतिसाद मी तीनदा वाचला. हाच प्रश्न पुढच्या चाचणीत घालते. "आईवडील दोघं वाहक, पहिलं मूल पीडित. काका म्हणतात पुढची तीन चांगली होतील. काकांना उत्तर लिहा." चार गुण.

---

लॅबवाली | ८ डिसेंबर, रात्री ९:५५

मॅडम, नका.

रागावून नाही सांगत. तुमच्या वर्गात ज्याच्या खिशात ते कार्ड आहे असं मूल असू शकतं. कदाचित त्याच्या वर्गमित्रांना माहीत नसेल. परीक्षेच्या हॉलमध्ये, घड्याळ लावून, चार गुणांसाठी त्याने स्वतःच्या आईवडिलांबद्दल लिहायचं? त्याच्या जागी मी असते तर तो प्रश्न सोडून दिला असता, आणि तुम्हाला वाटलं असतं हिला येत नाही.

वर्गात घ्या. विज्ञानाच्या शिक्षकांना सोबत घ्या. गुण ठेवू नका. एका डब्यात आईच्या ए आणि एस अशा चिठ्ठ्या, दुसऱ्यात वडिलांच्या, प्रत्येकी एक उचला, बघा, परत टाका. परत टाकणं महत्त्वाचं, तिथेच सगळं आहे. चाचणीत मात्र नाणं किंवा फासाच ठेवा.

---

लालपेन | ९ डिसेंबर, सकाळी ७:००

लॅबवाली बाईंशी शंभर टक्के सहमत. प्रश्न खरा असून भागत नाही, तो परीक्षेत बसलेल्या प्रत्येक मुलाला सारखा पडायला हवा.

ह्याच कारणाने आणखी एक सांगतो. वरचे बरेच प्रश्न सुंदर आहेत, पण त्यात मजकूर फार आहे. ज्या मुलाच्या घरी गोंडी बोलतात किंवा ज्याचं वाचन हळू आहे त्याची तुम्ही सांख्यिकी तपासत नाही, मराठी तपासता. प्रश्न चार ओळींच्या वर जाऊ देऊ नका. 'का ते लिहा' म्हटलं तर जागा दोनच ओळींची आखून द्या. आणि पेपर हातात घेण्यापूर्वी आदर्श उत्तर स्वतः लिहून ठेवा, पूर्ण गुणाचं एक आणि अर्ध्या गुणाचं एक. नाहीतर दहावा पेपर तपासताना आणि चाळिसावा तपासताना आपण वेगळी माणसं असतो. हे मी अनुभवाने सांगतो.

---

मूळची_धरमपेठ | ९ डिसेंबर, सकाळी ११:४५

मी सध्या अमेरिकेत हायस्कूलला शिकवते. इथे 'एपी स्टॅटिस्टिक्स' नावाची कॉलेजच्या पातळीची ऐच्छिक परीक्षा १९९७ पासून आहे. त्यातल्या तपासण्याच्या पद्धतीतल्या दोन गोष्टी तुम्हाला उपयोगी पडतील असं वाटतं.

पहिली, सूत्रांचा कागद मुलांना छापूनच देतात, कॅल्क्युलेटरही चालतो. म्हणजे पाठांतराचा भाग परीक्षेतून काढूनच टाकला. दुसरी, लेखी उत्तराच्या प्रत्येक भागाला तीनच शेरे: जवळपास पूर्ण बरोबर, अंशतः बरोबर, चूक. अर्धा-पाव गुणाची ओढाताण नाही. आणि नुसता आकडा काढून सोडला, तो कशाबद्दल आहे ते वाक्यात लिहिलं नाही, तर पूर्ण गुण मिळत नाहीत. 'मध्य २.४' चालत नाही. 'ह्या वस्तीत घरटी सरासरी २.४ लिटर दूध लागतं' असं लिहावं लागतं.

लालपेन सर, तिथेही भरपूर पेपर असतात आणि तपासणारे एकत्र बसून आधी सराव करतात. त्यामुळे एकसारखे गुण आणि समजेचे प्रश्न ह्यांचं हाडवैर आहे असं मला नाही वाटत.

---

लालपेन | ९ डिसेंबर, दुपारी १२:३०

हाडवैर नाही, खर्च आहे. माणसं आणि दिवस लागतात. पण तीन शेऱ्यांची कल्पना चांगली आहे, शाळेच्या पातळीवर उद्यापासून करता येईल.

---

महालवासी | १४ डिसेंबर, रात्री १०:१०

रविवारी मुलाला ते मध्य १० आणि मध्यक ४वालं दिलं. मला वाटलं वैतागेल. जेवणाचं ताट समोर, आणि हा पेपराच्या कोपऱ्यावर आकडे लिहून राहिला. वीस मिनिटं. शेवटी ०, १, ४, ५, ४० असं काढलं आणि मलाच विचारलं, "बाबा, शून्य चालते का?" मला सांगता आलं नाही. चालते ना?

मी आधी जे लिहिलं ते अजूनही बरोबर वाटते, पोट्ट्यांवर ओझं नको. पण हे त्याने ओझ्यासारखं नाही केलं, एवढं प्रामाणिकपणे सांगतो.

---

बारावीनंतर | १४ डिसेंबर, रात्री १०:२२

चालते काका! बेरीज ५०, तिसरी संख्या ४. एकदम बरोबर.

---

पाटीपेन्सिल | २१ डिसेंबर, सायंकाळी ७:४०

चाचणी घेतली. दहा गुणांची, पाच प्रश्न, एकही प्रश्न चार ओळींच्या वर नाही. सूत्रं फळ्यावर लिहून दिली. काही मुलांना आधी खूप आनंद झाला आणि मग प्रश्न वाचून कळलं की सूत्रांचं इथे काम नाही.

नाण्यांचा बहुपर्यायी प्रश्न: १/३ घेणारे माझ्या अंदाजापेक्षा बरेच जास्त निघाले. सर म्हणाले तसं पर्यायवार मांडणी केली आणि दुसऱ्या दिवशी एक रुपयाचं आणि एक पाच रुपयांचं नाणं घेऊन वर्गात गेले. दोन नाणी वेगळी दिसली की मुलांना छापा-काटा आणि काटा-छापा लगेच वेगळे दिसतात. आजवर मी फळ्यावर दोन सारखेच गोल काढत आले होते.

तापमानाच्या प्रश्नात बहुतेकांनी मध्यक छापू म्हणून लिहिलं, कारण मीच तसं शिकवलं होतं. पण एकाने लिहिलं, "चार आकडे दोन गटांत आहेत. मधे कोणीच नाही. तिथे माणूस पाठवून पहा." नवतपा भाऊ, हे तुमच्यासाठी.

सिकलसेलचा तास विज्ञानाच्या सरांसोबत घेतला, गुणांशिवाय. प्रत्येक बाकाला दोन डबे, चार मुलांपर्यंत चिठ्ठ्या काढायच्या. खिडकीजवळच्या एका बाकावर चारही मुलं निरोगी किंवा वाहक निघाली, त्या बाकावरची दोघं 'आमच्याकडे एसएस नाहीच' म्हणून नाचायला लागली. मागच्या बाकावर पहिलं आणि तिसरं, दोन्ही एसएस. ते गप्प झाले. मग फळ्यावर गणित केलं: चारांत एकही एसएस नसण्याची संभाव्यता ३/४चा चौथा घात, म्हणजे ८१/२५६, साधारण ३२ टक्के. जवळपास दर तीन घरांतल्या एकाला वाटेल की आजार नाहीच. हे मुलांनीच बोलून दाखवलं. तास संपल्यावर एक जण रेंगाळला. काय विचारलं ते इथे लिहीत नाही. ताई, तुम्ही अडवलंत ते किती बरोबर होतं ते मला तेव्हा कळलं.

आता माझी अडचण. मृगबहार काकांच्या बाजारावरून हा प्रश्न केला होता: ढिगात निम्मी संत्री मोठी, निम्मी लहान. एकाने न बघता ५ काढली, दुसऱ्याने ५०. कोणाच्या नमुन्यात मोठी संत्री ८० टक्के किंवा जास्त निघण्याची शक्यता अधिक? का? (२ गुण.) बहुतेकांनी 'दोघांची सारखी, कारण ढीग एकच' असं लिहिलं. पाचाचं गणित दहावीच्या मुलाला मांडता येतं, ३२ पैकी ६ निष्पत्ती, म्हणजे १९ टक्क्यांच्या जवळ. पन्नासाचं नाही येणार, ते मी मागितलंही नव्हतं. एका मुलाने, ज्याला मागच्या चाचणीत वीसपैकी सात होते, एवढंच लिहिलं:

"पाचवाल्याची. पाचात चार चुकून येतात. पन्नासात चाळीस चुकून येत नाही."

आकडेमोड नाही, पायरी नाही. किती देऊ?

---

नवतपा | २१ डिसेंबर, रात्री ८:०५

दोन. डेस्कवर बसणाऱ्या प्रत्येकाच्या टेबलावर हे वाक्य लावायला हवं. पन्नास माणसांना विचारून 'शहराचं मत' छापतात.

---

मृगबहार | २१ डिसेंबर, रात्री ८:३०

त्या पोराला हंगामात बागेत पाठवा. फळ निवडायला.

---

लालपेन | २२ डिसेंबर, सकाळी ६:५०

मॅडम, आदर्श उत्तर आधी लिहून ठेवलं होतं का?

---

पाटीपेन्सिल | २२ डिसेंबर, सकाळी ७:३०

होय सर. "नमुना लहान असेल तर त्यातलं प्रमाण खऱ्या प्रमाणापासून दूर जाण्याची शक्यता जास्त असते."

---

लालपेन | २२ डिसेंबर, सकाळी ७:४१

मग दोन द्या. त्याचं वाक्य तुमच्या वाक्यापेक्षा सरळ आहे, आणि त्यात तुमच्या वाक्यातलं काही सुटलेलं नाही. पायरी नाही म्हणून अर्धा कापायचा मोह होईल, तो आवरा. पायरी मागायची होती तर प्रश्नात मागायला हवी होती.

---

महालवासी | २२ डिसेंबर, दुपारी २:१५

मॅडम, ती दुधाची सगळी घरं सारखी म्हणणारी मुलगी, तिचं काय झालं?

---

पाटीपेन्सिल | २२ डिसेंबर, रात्री ९:०५

तिच्यासाठीच एक प्रश्न ठेवला होता, तिला न सांगता. "पाच घरांत रोज लागणाऱ्या दुधाचा मध्य २ लिटर आहे. पण एकाही घरात बरोबर २ लिटर लागत नाही. अशी पाच घरं लिहा."

पेपरावर तीनदा खोडलेलं दिसतं. पहिल्यांदा २, २, २, २, २. मग १, ३, १, ३, आणि पाचवी जागा रिकामी, कारण तिथे परत २ येतात. शेवटी १, १, १, १, ६.

सहाच्या खाली पट्टीने रेघ मारून तिने बारीक अक्षरात लिहिलं आहे: "इथे लग्न आहे."

---